टँकची सफाई गँग

रीफ टँक घरात आला की पहिला महिना सगळे 'निमो' बघायला येतात. मग काचेवर तपकिरी थर चढतो, खडकावर हिरवे केस उगवतात आणि सुरू होते 'क्लीनअप क्रू'ची शोधाशोध. म्हणजे शेवाळ आणि उरलंसुरलं खाणाऱ्या गोगलगायी, खेकडे, कोळंब्या. दुकानात तयार हिशेब असतो, 'एवढ्या लिटरला इतके नग!' मला विचाराल तर लिटर बघू नका, टँकमध्ये त्यांना खायला काय आहे ते बघा. ही मंडळी म्हणजे व्हॅक्युम क्लीनर नव्हेत. खाणं संपलं की ती उपाशी मरतात आणि मेलेली गोगलगाय कुजून पाण्यात अमोनिया वाढवते. म्हणजे सफाईवालेच कचरा!

कुणाचं काम काय?

काचेवरच्या पातळ शेवाळासाठी माझी पहिली पसंती छोट्या जातीच्या ट्रोकसला. उलटा पडला तरी स्वतःच सरळ होतो. अॅस्ट्रिया मात्र वाळूत उताणा पडला की बहुतेक वेळा तसाच राहतो, त्याला हात द्यावा लागतो. टर्बो जबरदस्त खादाड, पण जाता जाता प्रवाळाचे सुटे तुकडे पाडतो. सेरिथ रात्रपाळीवाला, वाळू आणि काच दोन्ही चाटतो.

नासारियसचा थाट वेगळा. वाळूत दडून फक्त सोंड वर काढतो आणि खाणं पडलं की वाळू फोडून बाहेर! मेलेलं आणि उरलेलं खातो, शेवाळाला तोंड लावत नाही. शेवाळासाठी तो घेतलात तर पैसे पाण्यात, तेही खाऱ्या!

हर्मिट क्रॅब दिसतो गोड, पण वाढला की त्याला मोठं घर लागतं. रिकामे शंख नसतील तर गोगलगायीला मारून तिचं घर बळकावतो. मुंबईकरांना जागेची मारामारी वेगळी सांगायला नको. टँकमध्ये चार-पाच रिकामे शंख टाकून ठेवा.

अॅप्टेशिया या उपद्रवी अॅनिमोनवर पेपरमिंट कोळंबी उपयोगी. तिच्या नावाखाली कॅमल कोळंबी गळ्यात पडू देऊ नका. पाठीला कुबड आणि अंगावर ठसठशीत लाल-पांढरी नक्षी दिसली तर ती कॅमल. ती प्रवाळ कुरतडते.

यांना 'नाही' म्हणा

वाळू चाळणारा तारामासा छोट्या टँकमधले वाळूतले जीव फस्त करून काही महिन्यांत उपाशी मरतो. समुद्रकाकडीचा तर विचारच नको. संकटात ती विष सोडते, त्याने मासे मरू शकतात. शिवाय २००१ मध्ये भारतातल्या सगळ्या समुद्रकाकड्या आणि खडक बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात घातले गेले. मोठा ट्रोकस नायलोटिकसही तेव्हाच संरक्षित झाला. त्यामुळे 'किती?'च्या आधी 'कुठला?' विचारा आणि बिल घ्या.

सुरुवात अशी करा

• नवा टँक सायकल होऊन शेवाळ दिसू लागल्यावरच खरेदी.
• १०० लिटरला तीन ट्रोकस, तीन नासारियस पुरे. महिनाभर बघा, मग पुढचं.
• दुकानात काचेला घट्ट चिकटलेली गोगलगाय निवडा. वास येणारी नको.
• घरी आल्यावर तास-दोन तास टँकचं पाणी थेंबथेंब पिशवीत सोडा. खारटपणातला अचानक बदल यांना सोसत नाही.
• तांबं असलेलं औषध टँकमध्ये कधीच नाही. माशांना बरं करणारा डोस यांचा जीव घेतो.

एक मात्र खरं, शेवाळ खाल्लं तरी विष्ठा टँकमध्येच राहते. नायट्रेट आणि फॉस्फेट कमी करायचे तर माशांना बेतानं खायला घाला आणि पाणी नियमित बदला. ते काम गोगलगायीवर ढकलता येत नाही.

या वीकएंडला दुकान गाठण्याआधी दिवे बंद झाल्यावर तासाभरानं टॉर्च घेऊन टँकसमोर बसा. रात्रपाळीला कोण कोण आहे ते मोजा. कदाचित नवीन भरतीची गरजच नसेल!