पवनाकाठचें घर आणि पुराचा विमा

गेल्या चैत्रांत आमच्या पुतण्यानें चिंचवडास एक घर पाहिलें. तळमजला, पुढें चार हात बाग, भोसरीच्या कारखान्यास जावयास सोयीचें. शिवाय आमच्या वहिनींचे गुडघे दुखतात, त्यांस जिना नको. आम्हां सर्वांनींच तेथें राहावयास जावयाचें होतें. पुराविषयीं विचारतां दलाल हंसून म्हणाला, "पाणी येथें कधीं येत नाहीं, आणि आलेंच तर विमा आहे." या वाक्याचे दोन्ही भाग तपासून पाहावे असें आम्हीं ठरविलें.

पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्तान अँटिबायॉटिक्सचा कारखाना उभा राहिला. पुढें औद्योगिक वसाहत आली आणि तिच्या पाठोपाठ घरें. नदी मात्र होती तेथेंच आहे. मावळांत धुवांधार पाऊस होऊन पवना धरणांतून पाणी सोडलें कीं मोरया गोसावी यांच्या मंदिरांत पाणी शिरतें, हें चिंचवडकरांस नवें नाहीं. जुन्या लोकांनीं वाड्यांचीं जोतीं उंच बांधलीं तीं कांहीं हौसेखातर नव्हेत.

पाटबंधारे खात्यानें नदीच्या दोन्ही तीरांवर दोन पूररेषा आंखल्या आहेत. निळी रेषा २५ वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची, तांबडी १०० वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आंत घर बांधण्यास मनाई आहे. तरीहि लोक बांधतात. चिखली येथें इंद्रायणीकाठचे ३६ बंगले याच कारणास्तव २०२५ च्या मे महिन्यांत पाडण्यांत आले. आम्हीं पाहिलेलें घर निळ्या रेषेच्या बाहेर, पण अगदीं लगत होतें.

पुतण्या म्हणाला, "काका, २०१९ सालीं मोठा पूर येऊन गेला. आतां २०४४ पर्यंत चिंता नको." पण मध्यंतरीं २५ जुलै २०२४ रोजीं नदीकाठच्या वस्त्यांत पुन्हां पाणी शिरलेंच ! पंचवीस वर्षांतून एकदां याचा अर्थ एवढाच कीं, दर वर्षीं असा पूर येण्याचा संभव १०० त ४ असतो. मागील वर्षीं आला म्हणून तो यंदा कमी होत नाहीं. आम्हीं आयुष्यभर त्रैराशिक शिकविलें, पण हें त्रैराशिकाचें काम नव्हे. ०.९६ ला वीस वेळां गुणून पाहा, सुमारें ०.४४ येतात. म्हणजे घराचें कर्ज वीस वर्षांचें असेल, तर तें फिटेपर्यंत असा पूर एकदां तरी येण्याचा संभव १०० त ५६ ! तांबड्या रेषेपर्यंतच्या पुराचा हाच हिशेब १०० त १८ येतो.

रेषा नकाशावर असते, पाणी दारांत येतें. म्हणून समोरच्या इस्तरीवाल्यास विचारलें. त्यानें मुकाट्यानें आपल्या गुडघ्यास हात लावून दाखविला. हें पाणी नदीचें नव्हतें, मागल्या नाल्याचें होतें. नदी फुगली कीं नाल्याचें तोंड बंद होतें आणि पाणी उलटें गल्लींत पसरतें. त्यांत कारखान्यांचें तेलकट पाणीहि मिसळतें. घराचें जोतें पुरतें वीतभरहि उंच नव्हतें, आणि विजेचे मीटर खालीं गाड्यांच्या जागेंत.

आतां विमा. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नांवाचा एकाच नमुन्याचा करार मिळूं लागला. पूर, वादळ, आग, भूकंप, दरड हीं सर्व संकटें त्यांत येतात. रक्कम ठरते ती घराच्या बाजारभावावर नव्हे, पुन्हां बांधावयाच्या खर्चावर. जमिनीची किंमत धरीत नाहींत. चटईक्षेत्र ६०० चौरस फूट व बांधणीचा दर २५०० रुपये धरला, तर इमारतीचे १५ लाख. घरांतील सामानाचा विमा आपोआप त्याच्या शेंकडा २०, येथें ३ लाख. त्याची कमाल मर्यादा १० लाख. अधिक हवा असल्यास वस्तूंची यादी द्यावी लागते. गोष्ट खरोखर चांगली आहे, आणि लोक ती घेत नाहींत याचें आम्हांस नवल वाटतें.

पण वगळलेल्या वस्तूंची यादी वाचतांना आम्ही थबकलों. नोटा, नाणीं, दस्तऐवज, वाहनें, आणि हस्तलिखितें ! आमच्या गुरुजींनीं स्वहस्तें लिहिलेल्या व्याकरणाच्या वह्या आमच्या पेटींत आहेत. त्यांची भरपाई कोणती कंपनी करणार? वाहनाचा विमा निराळा असतो. शिवाय पाण्यांत बुडालेली गाडी चालू करून पाहूं नये, त्यानें बिघडलेल्या इंजिनाचे पैसे बहुधा मिळत नाहींत.

आणखी एक. आमच्या मेहुण्यांनीं २०१९ सालीं भिजलेल्या गाद्या दुर्गंधीमुळें लगेच फेकून दिल्या. मागाहून पाहणीस आलेल्या गृहस्थांनीं विचारलें, "गाद्या कोठें आहेत?" तेवढा दावा बुडाला. म्हणून आधीं कंपनीस कळवावें, छायाचित्रें घ्यावीं, मग झाडू हातीं धरावा.

अखेर त्याच गल्लींत पहिल्या मजल्यावरचें घर मिळालें. जिन्याचा विषय काढतांना आम्ही चांचरत होतों, वहिनीच म्हणाल्या, "भावजी, पाणी आल्यावर मला कमरेएवढ्या चिखलांतून उचलून नेण्यापेक्षां रोज अठरा पायऱ्या परवडतील." पुतण्यानें विमा उतरविला आहे. वह्यांची पेटी माळ्यावर चढविली असून, पावसाळ्यापूर्वीं प्रत्येक पानाचें छायाचित्र काढण्याचें काम नातीनें अंगावर घेतलें आहे.