प्राणी ‘माणसाने’ संपवले, पण कोणत्या माणसाने?

फेब्रुवारी २०१९ मध्ये ऑस्ट्रेलिया सरकारने एक उंदीर नामशेष झाल्याचे अधिकृतपणे मान्य केले. त्याचे नाव ब्रॅम्बल के मेलोमिस. ऑस्ट्रेलिया आणि पापुआ न्यू गिनी यांच्यामधल्या टोरेस सामुद्रधुनीतील एका चिमुकल्या प्रवाळ बेटावर तो राहत होता. जगात दुसरीकडे कुठेही नाही. समुद्राची पातळी वाढली, भरती-वादळात खारे पाणी बेटावर चढू लागले आणि तो ज्या हिरवळीवर जगत होता ती मरून गेली. २००९ नंतर तो कुणालाच दिसला नाही. मानवनिर्मित हवामान बदलामुळे संपलेला पहिला सस्तन प्राणी, अशी त्याची नोंद झाली.

‘मानवनिर्मित’ या शब्दापाशी थोडे थांबू या. कारण हा मानव कोण, हे त्या शब्दातून कळत नाही.

एखाद्या प्रदेशात कोणते प्राणी नांदतील, हे आधी हवामान ठरवते. ऑस्ट्रेलिया खंड कोट्यवधी वर्षांपूर्वी अंटार्क्टिकापासून सुटला, एकटा पडला, उत्तरेकडे सरकत कोरडा होत गेला. म्हणून तिथे पिलाला पोटाच्या पिशवीत वाढवणारे कांगारू, कोआला, वोम्बॅट आहेत आणि अंडी घालणारा प्लॅटिपसही आहे. उत्तरेला मोसमी पाऊस, पूर्व किनाऱ्याला जंगल, मध्यभागी वाळवंट. खंडाचा सुमारे ७० टक्के भाग कोरडा किंवा निमकोरडा. जंगलात झाडांवर राहणारे प्राणी, तर वाळवंटात बिळे खणून रात्री बाहेर पडणारे. लाल कांगारूची मादी तर दुष्काळात आपल्या गर्भाची वाढ थांबवून ठेवू शकते. हवामानाशी इतके खोल नाते जुळायला लाखो वर्षे लागतात.

माणूस या खंडावर सुमारे ५० हजार वर्षांपूर्वी किंवा त्याही आधी पोहोचला. गेंड्याएवढा डायप्रोटोडॉन आणि इतर महाकाय प्राणी त्यानंतर नाहीसे झाले. शिकार, आग की बदलते हवामान, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. म्हणजे पहिल्या रहिवाशांचा निसर्गावर काहीच परिणाम झाला नाही, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. बुद्धांचा प्रतीत्यसमुत्पाद आपल्याला हेच शिकवतो: कोणतीही गोष्ट एकट्या कारणातून घडत नाही. पण कारणे अनेक आहेत म्हणून सगळ्यांची जबाबदारी सारखी, असा त्याचा अर्थ नाही. प्रत्येक कारण वेगळे करून तपासावे लागते.

१७८८ मध्ये ब्रिटिशांनी इथे वसाहत केली. हजारो वर्षे राहणारे ॲबोरिजिनल लोक समोर असताना ही जमीन कुणाच्याच मालकीची नाही असे मानले गेले. त्यानंतर अवघ्या सव्वादोनशे वर्षांत सुमारे ३० जातींचे सस्तन प्राणी संपले. गेल्या ५०० वर्षांत जगभरात नामशेष झालेल्या सस्तन प्राण्यांपैकी सुमारे एक तृतीयांश एकट्या ऑस्ट्रेलियातले आहेत.

हे कसे घडले? वसाहतीबरोबर मांजरे आली आणि मोकाट होऊन खंडभर पसरली. गोऱ्या जमीनदारांनी शिकारीच्या हौसेसाठी युरोपातून ससे आणि लाल खोकड आणले. मेंढ्या, गुरे आणि सशांनी गवत-झुडपे खाऊन लपायची जागा संपवली. ३५ ग्रॅम ते ५.५ किलो वजनाचे प्राणी सर्वाधिक मारले गेले, कारण मांजर-खोकडाला हीच शिकार सोपी. लहान बिल्बी आणि डुकरासारख्या खुरांचा बँडिकूट आता कुठेच नाहीत.

आणखी एक कारण सहज नजरेआड होते. वाळवंटातले मार्टू लोक शिकारीसाठी गवताचे लहान लहान पट्टे जाळत. त्यामुळे कुठे कोवळे, कुठे जुने गवत राही आणि मोठा वणवा अडे. विसाव्या शतकाच्या मध्यात, रॉकेट चाचण्यांच्या काळात, त्यांना वाळवंटातून हलवले गेले. लहान आगी थांबल्या आणि प्रचंड वणवे लागू लागले. माणूस गेल्याने निसर्ग सावरला नाही, उलट विस्कटला. आज परतलेले मार्टू रेंजर बिल्बीचे माग शोधून तिला वाचवण्याचे काम करत आहेत.

टास्मानिया बेटाची गोष्ट तर अंगावर काटा आणते. पट्टेदार टास्मानियन वाघ मेंढ्या मारतो म्हणून सरकारने १८८८ ते १९०९ दरम्यान दोन हजारांहून अधिक वाघांसाठी बक्षिसे दिली. १९३६ मध्ये त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले आणि दोन महिन्यांच्या आत शेवटचा ज्ञात वाघ होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात मेला. पण त्याआधी, १८३० मध्ये, याच बेटावर माणसांवरही बक्षीस लागले होते. ॲबोरिजिनल प्रौढाला पकडून आणले तर ५ पौंड, मुलाला आणले तर २ पौंड. वाघ आणि माणूस, दोघेही मेंढ्यांच्या कुरणाच्या आड येत होते.

‘कुणाचीच नसलेली जमीन’ हा सिद्धांत १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने फेटाळला. तो खटला लढणारे एडी माबो टोरेस सामुद्रधुनीतल्याच मेर बेटाचे. निकालाच्या काही महिने आधी ते वारले. ज्या समुद्राने मेलोमिसला बुडवले, तोच आज तिथल्या लोकांच्या घरांत आणि पूर्वजांच्या कबरींत शिरतो आहे. तापमानवाढीत या बेटवासीयांचा वाटा नगण्य. त्यांचे रक्षण न केल्याने ऑस्ट्रेलियाने मानवी हक्कांचा भंग केला, असा निष्कर्ष संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने २०२२ मध्ये दिला.

मेलोमिसची बातमी आली त्याच महिन्यात आपल्या देशातही काही घडत होते. वन्यजीव संरक्षण संस्थांच्या याचिकेवर, वनहक्काचे दावे फेटाळलेल्या लाखो वनवासी कुटुंबांना जंगलातून काढण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला. देशभर विरोध झाला आणि महिना संपण्याआधी त्याला स्थगिती मिळाली.

म्हणून ‘मानवी हस्तक्षेपामुळे वन्यजीव धोक्यात’ असे कुठे वाचले, तर कार्यकर्त्यांनी तीन प्रश्न विचारावेत. जमीन कुणाची होती? निर्णय कुणी घेतला? आणि किंमत कोण मोजतो आहे? उत्तरे मिळेपर्यंत ‘माणूस’ हा शब्द खऱ्या जबाबदारांना पाठीशी घालत राहील.