परसातील अंजीर

उंबराचे फूल पाहिले असे कोणी म्हणाला, तर ऐकणारे हसतात. वस्तुतः उंबराला फुले असतात. ती फळाच्या पोटात दडलेली असतात इतकेच. अंजीर हा उंबराचाच भाऊबंद. त्याचीही शेकडो सूक्ष्म फुले फळाच्या आतील भिंतीस चिकटलेली असतात. उंबर फोडताच केंबरे उडतात, हे तुम्ही पाहिले असेल. तशाच एका चिमुकल्या कीटकाने पराग आणून पोचविल्याशिवाय अंजिराच्या काही जाती पिकतच नाहीत.

तुर्कस्तानातील स्मर्ना येथील सुक्या अंजिरांची कीर्ती मोठी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती झाडे अमेरिकेतील कॅलिफोर्नियात नेण्यात आली. झाडे फोफावली, फळेही धरली. परंतु ती पिकण्यापूर्वीच गळून पडत. अखेर १८९९ साली त्या कीटकाची तेथे वस्ती झाली, तेव्हा कोठे मालकांच्या पदरी फळे पडली! बाजारातील सुक्या अंजिराचे बी पेरून तसेच झाड उगवेल अशी आशा धरणाऱ्यांनी ही हकीकत विसरू नये. बियांपासून आलेले झाड मूळ झाडासारखे निपजत नाही.

आपल्या ‘पुणे अंजिरा’ला कीटकाची गरज नाही. पुरंदरच्या ज्या अंजिरास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते याच जातीचे. दौलताबादेकडील ‘दिनकर’ हीही चांगली जात आहे. तथापि बारामती-इंदापूरकरांनी शेजारच्या तालुक्यात पारखलेली जात सोडून दूर का जावे?

हा मुलूख पर्जन्यछायेचा. पिकण्याच्या वेळी पाऊस लागला तर अंजीर फुटते, आणि दमट हवेत पानांवर तांबेरा पडतो. म्हणून कोकणात जे दुःसाध्य, ते येथील कोरड्या हवेत सुकर होते. उन्हाळ्याच्या तोंडी पिकणारा बहार ‘मीठा’, दुसरा ‘खट्टा’. नावांतच चव आली.

खरी अडचण जमिनीची आहे. निरेच्या कालव्याखालील काळ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या मातीत मुळे कुजतात. तेथे खड्ड्यात मुरूम मिसळावा व झाड उंचवट्यावर लावावे. रोप मात्र भरघोस फळणाऱ्या झाडाच्या पक्व फांदीच्या कलमाचेच घ्यावे. फळ मऊ होऊन मान टाकू लागले म्हणजे तोडावे. कच्चे उतरविलेले अंजीर पुढे गोड होत नाही.