आमदारांकडे खोली मागू नका, पाळणाघराचे तास मागा



कपाशी वेचणीचे दिवस आले की आपल्या पहूरच्या वस्त्यांत सकाळी सात-साडेसातलाच घरांना कड्या लागतात. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, म्हणून बाई जितकी लवकर शेतात पोहोचेल तितकी तिची कमाई. तान्हं मूल सोबत जातं आणि बांधावरच्या झोळीत पडून राहतं. दोन-तीन वर्षांचं मूल आजीकडे, शेजारणीकडे, नाही तर आठ-नऊ वर्षांच्या बहिणीकडे राहतं. ती बहीण त्या दिवसांत शाळेत जात नाही. "पोरगी समजूतदार आहे," असं आपण कौतुकाने म्हणतो.

मी नर्सची नोकरी करायचे तेव्हा लहान मुलांच्या वॉर्डात अशीच पोरं यायची. कुणाच्या अंगावर चुलीवरचं पाणी सांडलेलं, कुणी फवारणीच्या औषधाची बाटली तोंडाला लावलेली. एकदा दीड वर्षाचा मुलगा जुलाबाने पार सुकून आला. जुलाब सकाळी सुरू झाले होते, आईला कळलं संध्याकाळी. पाणी पाजलं तर जुलाब वाढतील, असं वाटून बहिणीने दिवसभर त्याला पाणीच दिलं नव्हतं. मूल वाचलं. पण डॉक्टरांनी त्या आईला सगळ्यांसमोर झापलं, आणि मी शेजारी सलाइन धरून गप्प उभी राहिले. ती घरी थांबली असती तर त्या दिवसाची मजुरी कुणी दिली असती, हे विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही.

आम्ही नर्सबाया सांगतो, सहा महिने फक्त अंगावरचं दूध द्या, पुढे दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं भरवा. बरोबरच आहे. पण आई नऊ-दहा तास शेतात असेल तर भरवणार कोण? कुपोषणाच्या तक्त्यात मुलाचं वजन लिहिलं जातं, आईचे कामाचे तास कुणी लिहीत नाही.

अंगणवाडी आहे ना, असं कुणी म्हणेल. २ ऑक्टोबर १९७५ पासून ही योजना देशात आहे आणि तिने आपली पुष्कळ मुलं जगवली आहेत. पण अंगणवाडीला दुपारी कुलूप लागतं आणि आई येते दिवेलागणीला. मधले तास उघडे पडतात. यात ताईंचा दोष नाही. आधीच लसीकरण, पोषण, वजन, मोबाइलवरच्या नोंदी असं सगळं त्यांच्या गळ्यात आहे. ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यभरच्या सेविका-मदतनीस पन्नासहून जास्त दिवस संपावर होत्या, ते आठवा. म्हणून "ताईंनीच संध्याकाळपर्यंत सांभाळावं" अशी मागणी आपण कधीही करायची नाही. जादा तासांसाठी जादा माणूस आणि त्याचा पगार मागायचा.

तशी सोय कागदावर आहे. केंद्राच्या मिशन शक्तीत 'पाळणा' नावाची योजना आहे. सहा महिने ते सहा वर्षांची मुलं, महिन्याला २६ दिवस, रोज साडेसात तास. अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर, आणि त्यासाठी वेगळी सेविका व वेगळी मदतनीस. खर्चाच्या रुपयातले साठ पैसे केंद्राचे, चाळीस राज्याचे. महाराष्ट्राने २०२५ मध्ये पहिल्या टप्प्यात ३४५ पाळणाघरांना मान्यता दिली. सगळ्या राज्याला ३४५! जामनेर तालुक्याच्या वाट्याला त्यातली किती आली, हे विचारण्यापासूनच आपलं काम सुरू होतं. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर हे विचारता येतं. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही दहा रुपये लागत नाहीत.

हे मागणं म्हणजे भीक नव्हे. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी हाच मुद्दा मांडला होता. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा बराचसा भार सरकारने उचलावा, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात कायदा झाला. गिरणीतल्या बाईला मालक होता, म्हणून कायदा त्याला धरू शकला. २०१७ पासून पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सक्ती आहे, तीही मालकावर. आपल्या वेचणीवाल्या बाईचा मालक आज एक, उद्या दुसरा. तिच्या मुलासाठी सरकारच्याच दारात जावं लागतं.

आता जायचं कसं, ते सांगते.

आधी मोजणी करा. पौर्णिमेला विहारात जमतो, तेव्हा वहीत तीन रकाने आखा: सहा वर्षांखालची मुलं किती, त्यांच्या आया कामाला कधी जातात, कधी येतात. फक्त आपल्या समाजाची मुलं मोजू नका, वस्तीतली सगळी मोजा. मोजणीत एक गोष्ट अचानक हाती लागू शकते. वस्तीत सहा वर्षांखालची ४० मुलं आहेत आणि अंगणवाडीच नाही, असं निघालं, तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी मिळायला हवी. हा सर्वोच्च न्यायालयाचा १३ डिसेंबर २००६ चा आदेश आहे, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना प्राधान्य द्या, असंही त्यात म्हटलं आहे. अंगणवाडी हा हक्काचा भाग झाला. पाळणाघराला अजून तसा आदेश नाही, ते रेटूनच मिळवावं लागेल.

मग ठराव. पहूर पेठ आणि पहूर कसबे या वेगळ्या ग्रामपंचायती आहेत, तेव्हा आपली वस्ती कुणाकडे येते ते आधी बघा. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते. बहुतेक ठिकाणी ती रजिस्टरवरच होते. तुम्ही खरोखर जा आणि ठराव लिहून घ्या. ग्रामपंचायतीने उत्पन्नातला १० टक्के भाग महिला-बालकल्याणावर आणि १५ टक्के मागासवर्गीयांवर खर्च करायचा असतो. मागच्या वर्षी तो कशावर झाला, हे त्याच सभेत विचारा. ठरावाची प्रत जामनेरला बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे द्या.

आणि त्यानंतर आमदार. इथे आपली नेहमी चूक होते. आपण खोली मागतो, सभामंडप मागतो. आमदार निधीतून खोली होते, फीत कापली जाते, फोटो येतो. पण त्या निधीतून सांभाळणाऱ्या बाईचा पगार होत नाही. वर्षभरात त्या खोलीत खताच्या गोण्या दिसतात. जागा हवीच असेल तर विहाराची खोलीही देता येईल. पगाराची तरतूद मात्र राज्याच्या अर्थसंकल्पातच करावी लागते, आणि ते काम विधानसभेचं.

म्हणून पाच-सहा जणी मिळून जा आणि सरळ विचारा, "साहेब, येत्या अधिवेशनात यावर तारांकित प्रश्न टाकाल का?" अधिवेशनं वर्षाला तीन असतात: मार्चच्या सुमारास अर्थसंकल्पाचं, मग पावसाळी, आणि डिसेंबरात नागपूरला. प्रश्नाची सूचना बरीच आधी द्यावी लागते, तेव्हा नागपूरसाठी दसऱ्यालाच भेटा. मंत्र्यांनी सभागृहात "करू" म्हटलं की त्याचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. आपल्या आमदारांना वेळ नसेल तर दुसरा कोणताही आमदार किंवा विधान परिषदेचा सदस्य हा विषय उचलू शकतो. अनुसूचित जाती कल्याण समिती आणि महिला-बालकांच्या हक्कांची समिती जिल्ह्यात दौऱ्यावर येतात. तेव्हा निवेदन घेऊन हजर राहा. साठ पैसे केंद्राचे आहेत, म्हणून एक प्रत खासदारांनाही द्या.

निवेदन लांबवू नका. एवढं पुरे: "आमच्या वस्तीत सहा वर्षांखालची इतकी मुले आहेत. इतक्या आया सकाळी इतक्या वाजता कामाला जातात व इतक्या वाजता येतात. अंगणवाडी दुपारी बंद होते. पाळणा योजनेतून आमच्या अंगणवाडीला जोडून, स्वतंत्र सेविका व मदतनीस यांच्यासह पाळणाघर मंजूर करावे. सोबत महिला सभेचा ठराव." खाली सह्या आणि अंगठे.

दोन प्रती न्या. दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय ऑफिसातून हलू नका. महिन्याने तीच प्रत घेऊन परत जायचं आहे.