उरोस्थीच्या तारा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

हृदयावर शस्त्रक्रिया झालेल्या मनुष्याचे क्ष-किरणचित्र घरी येते आणि घरातील मंडळी ते खिडकीच्या उजेडात धरून पाहू लागतात, तेव्हा हृदयाच्या पांढुरक्या छायेवर एकाखाली एक अशी सहा-सात लखलखीत वेटोळी त्यांच्या दृष्टीस पडतात, आणि डॉक्टरांनी हृदयालाच तारांनी बांधून टाकले आहे अशी बहुतेकांची समजूत होते. ही समजूत चुकीची असली, तरी ती होण्यास ते चित्रच कारण असते. क्ष-किरण छातीच्या आरपार जातात आणि त्यांच्या वाटेत जे जे येते, मग ती त्वचा असो, हाड असो, हृदय असो की पाठीचा कणा, त्या सर्वांच्या छाया एकाच सपाट फिल्मवर एकमेकींवर पडतात. खिडकीच्या गजांआडून अंगणातल्या झाडाचे छायाचित्र घेतले, तर गज जसे झाडाच्या खोडावरच ठोकल्यासारखे भासतात, तसेच येथे घडते. त्याच रुग्णाचे एका कुशीकडून घेतलेले चित्र पाहिले म्हणजे संशय उरत नाही : तारा पुढे, त्वचेच्या लगत खाली, उभ्या रांगेत आहेत आणि हृदय त्यांच्या मागे मोकळे आहे.

ज्या हाडात या तारा असतात ती उरोस्थी, म्हणजे गळ्याच्या खळगीपासून पोटाच्या वरच्या कडेपर्यंत जाणारी, तीन भागांची चपटी अस्थी होय. हृदयापर्यंत जाण्यासाठी बरगड्या मोडाव्या लागतात, किंवा हे हाड काढून बाजूला ठेवावे लागते, अशी एक दुसरी कल्पना लोकांत दृढ आहे, आणि शस्त्रक्रियेस संमती देण्यापूर्वी ती अनेकांना भयभीत करते. वस्तुस्थिती अशी की, उरोस्थी आपल्या जागीच राहते. तिला वरपासून खालपर्यंत मध्यरेषेवर उभी चिरतात. ज्या क्षणी करवत हाडावर चालते त्या क्षणी भूलतज्ज्ञ फुप्फुसांतील हवा भरणे थोडा वेळ थांबवतो, म्हणजे ती आकसून करवतीपासून दूर राहतात. मग कापलेल्या कडांमधून झिरपणारे रक्त थोपवण्यासाठी मधमाश्यांच्या मेणापासून केलेले एक मलम त्या कडांवर अल्प प्रमाणात चोळण्याची पद्धत आहे, आणि त्यानंतर एका पोलादी चौकटीच्या साहाय्याने दोन्ही भाग हळूहळू एकमेकांपासून दूर सारले जातात. बरगड्या त्या वेळी बिजागरीवर फिरल्याप्रमाणे वळतात. ताण फार पडला तर एखादीस तडा जातो हे खरे, परंतु ती मोडणे हा शस्त्रक्रियेचा भाग नव्हे.

हा मार्ग अगदी अलीकडचा आहे असेही नाही. कैरो येथे काम करणाऱ्या हर्बर्ट मिल्टन या शल्यविशारदाने 1897 साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले होते, आणि त्याचा हेतू त्या वेळी हृदयाचा नव्हे, तर छातीच्या मध्यभागातील इतर रोगांपर्यंत पोहोचण्याचा होता. पुढे सुमारे साठ वर्षे या सूचनेकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. हृदयावरील मोठ्या शस्त्रक्रियांसाठी दोन्ही बाजूंच्या बरगड्यांमधून शिरून उरोस्थी आडवी कापण्याची वहिवाट होती. 1957 साली ऑर्मंड ज्युलियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभ्या छेदाचे गुण पुन्हा पुढे मांडले आणि तेव्हापासून त्याचा अंमल सर्वत्र बसला. या छेदात मोठे स्नायू कापावे लागत नाहीत, आणि शेवटी हाड तारांनी पुन्हा घट्ट बांधले की ते श्वासासरशी हलत नाही, म्हणून बरगड्यांमधल्या छेदापेक्षा याची वेदना सामान्यतः कमी असते. हे ऐकून पुष्कळांस नवल वाटते, कारण ज्या छेदाचा व्रण मोठा त्याचे दुखणेही मोठे असे आपण सहज धरून चालतो.

तारांचा प्रश्न घ्यायचा तर, त्या गंजरोधक पोलादाच्या असतात. त्यांचे टोक पिळून हाडात वाकवून दडवलेले असते आणि त्या आयुष्यभर तेथेच राहतात. त्या गंजत नाहीत, आणि हाड सांधले म्हणून त्या काढाव्या लागतात असेही नाही. एखाद्या कृश रुग्णाच्या त्वचेखाली टोक टोचू लागले किंवा जंतुसंसर्ग झाला, तरच काढण्याची तजवीज करावी लागते. एमआरआय तपासणीस त्यांची हरकत नसते, कारण चुंबकाने ओढल्या जाण्याजोग्या त्या नसतात. प्रतिमेत त्यांच्याभोवती एक काळा डाग उमटतो इतकेच. पेसमेकर मात्र निराळी वस्तू आहे, आणि तो शरीरात असल्यास तपासणी करणाऱ्यास आगाऊ सांगितलेच पाहिजे. विमानतळावरील तपासणीत या तारांमुळे बहुधा घंटा वाजत नाही. अंत्यसंस्काराच्या प्रसंगीही काहींच्या मनात शंका येते, म्हणून तिचा खुलासा येथेच करतो : दहनापूर्वी पेसमेकर काढावा लागतो, कारण त्यातील विद्युत्घट उष्णतेने फुटतो, तारांसाठी असे काही करावे लागत नाही.

आता ज्या गोष्टीविषयी मला सर्वांत अधिक लिहावेसे वाटते, तिच्याकडे वळतो, कारण येथेच चुकीच्या समजुतीने घरोघरी निष्कारण काळजी तरी पसरते, किंवा खऱ्या धोक्याकडे दुर्लक्ष तरी होते. एखाद्या वर्षाने काढलेल्या क्ष-किरणचित्रात एक तार तुटलेली दिसते आणि अहवालात तशी नोंद येते. तेवढ्यावरून छातीचे हाड उघडले असा निष्कर्ष कुटुंबीय काढतात. वास्तविक हाड सांधून गेल्यावर तारेवर भार राहत नाही, आणि श्वासोच्छ्वासाच्या अखंड हालचालीने ती केव्हातरी तुटली तरी रुग्णाचे काही बिघडत नाही. याउलट सर्व तारा अखंड असूनही हाड उघडलेले असू शकते, कारण मऊ झालेल्या हाडाला चिरत चिरत न तुटलेली तार बाहेर सरकते. म्हणून चित्र वाचणारा तज्ज्ञ तारा मोजून थांबत नाही, तर त्यांची रांग पाहतो : आज ज्या तारा मध्यरेषेवर आहेत त्या कालही तेथेच होत्या काय, एखादी फिरून आडवी झाली काय, दोन-तीन तारा एका बाजूस सरकल्या काय. समोरून घेतलेल्या चित्रात उरोस्थी स्वतः पाठीच्या कण्याच्या छायेत जवळजवळ लपून जाते आणि तिची फट प्रत्यक्ष पाहणे कठीण असते. त्यामुळे तारांची स्थिती हाच तिच्याविषयीचा मुख्य पुरावा ठरतो, आणि तो पुरावा मागील चित्राशी ताडून पाहिल्यावाचून अपुरा राहतो. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दिवसांतील साधे चित्रदेखील दप्तरात जपून ठेवावे, असा माझा आग्रह आहे तो यासाठी. तारांच्या मधून जाणारी एक बारीक काळी उभी रेघ प्रारंभी दिसणे स्वाभाविक असते. ती सुमारे तीन मिलिमीटरहून रुंद असली, किंवा चित्रागणिक रुंदावत गेली, तर मात्र चौकशी केलीच पाहिजे.

सीटी स्कॅनने हाडाचे दोन्ही काठ स्पष्ट दिसतात, आणि म्हणून त्याचा अर्थ लावताना आणखी सावध राहावे लागते. रुग्ण सहा ते आठ आठवड्यांत दैनंदिन व्यवहार करू लागतो, सुमारे तीन महिन्यांत हाडाला पुरेसे बळ येते, परंतु स्कॅनवर फट त्यानंतरही कित्येक महिने दिसत राहते. ती दिसली म्हणून हाड सांधलेच नाही असे म्हणता येत नाही. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत हाडामागे थोडी हवा, थोडे द्रव अथवा रक्त साचलेले आढळणे हेही नित्याचे असते, आणि केवळ त्यावरून जंतुसंसर्ग ठरवता येत नाही. तो ठरतो तो ताप, जखमेतून येणारा स्राव, वाढती वेदना यांच्याशी स्कॅन मिळवून पाहिल्यावर. रुग्ण खोकताना किंवा कुशीवर वळताना छातीत 'कट्' असा आवाज येऊ लागला, दोन्ही भाग एकमेकांवर घासल्यासारखे जाणवले, तर चित्र निर्दोष असले तरी त्याच दिवशी शल्यविशारदाकडे जावे. हा आवाज हाड जुळत असल्याची खूण आहे, असे सांगून रुग्णाला घरीच बसवून ठेवणारे हितचिंतक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या शब्दाखातर गेलेले दिवस पुढे फार महाग पडतात.

हाड सांधण्यास अडथळा कशाचा होतो, याविषयी आपल्याकडे पथ्याची एक परंपराच आहे. भात खाल्ला तर जखम पिकते, तूरडाळीने चिघळते, म्हणून अशक्त झालेल्या माणसास मऊ पेजेवर ठेवण्यात येते. वास्तविक याच काळात शरीरास प्रथिनांची गरज असते, आणि डाळ, दूध, अंडी यांना मज्जाव केल्याने जखम भरण्यास विलंब होतो. खरे शत्रू निराळे : ताब्यात नसलेला मधुमेह, धूम्रपान, अतिस्थूलता, दीर्घकाळचा खोकला. हालचालीविषयीही अशीच अतिशयोक्ती होते. चार-पाच किलोहून अधिक ओझे उचलू नये, दुचाकी चालवू नये, खोकताना उशी छातीशी धरावी ही ताकीद योग्य आहे. पण हात मुळीच वर करू नये म्हणून महिनोन्महिने खांदे जखडून ठेवणे योग्य नव्हे.

एकदा उघडलेली उरोस्थी पुन्हा उघडता येत नाही, ही समजूतही टिकणारी नाही. ती पुन्हा उघडतात, परंतु काम अधिक जोखमीचे असते, कारण मधल्या काळात हृदय किंवा बायपासची नवी रक्तवाहिनी हाडाच्या मागील बाजूस चिकटलेली असू शकते. म्हणून आधी सीटी स्कॅनवर हाड आणि त्यामागील अवयव यांतील अंतर मोजले जाते. शस्त्रक्रियेत जुन्या तारा पुढून कापतात, पण पुष्कळ शल्यविशारद त्या लगेच उपसून काढीत नाहीत, कारण मागे राहिलेला त्यांचा भाग करवतीला खोल जाण्यापासून अडवतो. अशा वेळी पहिल्या शस्त्रक्रियेची टिपणे, कोणती रक्तवाहिनी कोठून नेली याची नोंद, आणि तेव्हाची चित्रे रुग्णाने स्वतः बरोबर आणली, तर शल्यविशारदाला छाती उघडण्यापूर्वीच बरेच काही कळलेले असते.