पुण्यातील स्थापत्य आरेखन व भूमापन शिक्षण

स्थापत्य आरेखन व भूमापन शिक्षण म्हणजे जमिनीची मोजणी करणे, तिचा नकाशा तयार करणे आणि त्या आधारे इमारती, रस्ते व वसाहती यांचे आराखडे रेखाटणे यांसाठी दिले जाणारे व्यावसायिक शिक्षण होय. पुणे शहरात अशा शिक्षणाची परंपरा १८५४ पासून आहे.

इतिहास
मुंबई इलाख्यातील आधुनिक जमीन मोजणी व महसूल आकारणीच्या पद्धतीचा पाया १८३६ मध्ये पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी घातला. सार्वजनिक बांधकामांसाठी दुय्यम अधिकारी तयार करण्याच्या हेतूने १८५४ मध्ये पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला. त्यातूनच पुढे पुणे अभियांत्रिकी महाविद्यालय विकसित झाले. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे तेथील विद्यार्थी होत. २०२२ मध्ये या संस्थेला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. राज्याच्या भूमी अभिलेख विभागाचे आणि नगररचना विभागाचे मुख्यालयही पुण्यातच आहे.

शालेय पूर्वतयारी
या शिक्षणाचा पाया शालेय गणितात आहे. गुणोत्तर, समरूप त्रिकोण, पायथागोरसचे प्रमेय आणि त्रिकोणमिती यांचा येथे प्रत्यक्ष उपयोग होतो. पायाची आखणी करताना गवंडी ३, ४ व ५ या प्रमाणात दोरी ताणून काटकोन साधतात. ते पायथागोरसचेच प्रमेय होय. एलिमेंटरी व इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांतील कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन यांच्या सरावाने हाताला अचूक रेषेची सवय लागते.

प्रमाणाचे महत्त्व
नकाशाचे प्रमाण नीट समजणे ही पूर्वतयारीतील सर्वांत महत्त्वाची पायरी मानावी लागते. १:५०० प्रमाणाच्या नकाशावर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर अर्धा मीटर. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद, अर्थात सुमारे १०१ चौरस मीटर जागा. अशा चौरस भूखंडाची एक हद्द नकाशावर १ मिलिमीटरने सरकली, तर सुमारे ५ चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ विसावा हिस्सा, शेजाऱ्याच्या नावे जातो. हद्दीचे वाद अशा लहान चुकांतूनही उद्भवू शकतात.

उंचीच्या नोंदीतील चूकही तितकीच गंभीर ठरते. नदीकाठी सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखली जाते. त्या रेषांवर बांधकामाचे निर्बंध अवलंबून असतात. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून मुठेकाठच्या पेठांत पाणी शिरले होते. त्यामुळे पुणेकरांना पातळीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

अभ्यासक्रम
दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये आरेखक (स्थापत्य) आणि सर्वेक्षक हे दोन वर्षांचे अभ्यासक्रम उपलब्ध असतात. तंत्रनिकेतनातील स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका तीन वर्षांची असते. औद्योगिक प्रशिक्षण पूर्ण केलेल्या पात्र विद्यार्थ्यांना पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि पदविकाधारकांना पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. भूमी अभिलेख विभागातील भूकरमापक पदासाठी स्थापत्य पदविका किंवा दहावीनंतरचा सर्वेक्षक अभ्यासक्रम ग्राह्य धरला जातो.

साधने व पद्धती
पूर्वी मोजणी शंकू-साखळीने होत असे. साखळीची लांबी ३३ फूट असल्याने एका साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा, असा हिशेब सोपा होई. पुढे प्लेन टेबल आणि आता टोटल स्टेशन, उपग्रहाधारित रोव्हर व संगणकीय आरेखन प्रणाली वापरात आल्या आहेत. तथापि यंत्राने दिलेला आकडा जुन्या टिपणाशी व गावच्या नकाशाशी जुळतो की नाही, हे मोजणाऱ्यालाच ठरवावे लागते. म्हणून साखळी व पट्टीने मोजून हाताने नकाशा काढण्याचा सराव आजही उपयुक्त ठरतो.