प्रागमधील नांवांच्या भिंती

प्राग शहराच्या जुन्या यहुदी वस्तींत पिंकास नांवाचें प्रार्थनामंदिर आहे. तें १५३५ सालीं बांधलें गेलें. दुसऱ्या महायुद्धांत बोहेमिया व मोराव्हिया प्रांतांतील ज्या यहुदी स्त्रीपुरुषांचा व मुलांचा नाझींनीं संहार केला, त्यांपैकीं सुमारें ७८,००० जणांचीं नांवें आज या मंदिराच्या भिंतींवर हातानें लिहिलेलीं आहेत.

नांवांची मांडणी समजून घेण्यासारखी आहे. प्रथम गांव, त्याखालीं आडनांव, मग एकेकाचें नांव व जन्मतारीख, आणि शेवटीं ती व्यक्ति हयात असल्याची शेवटची ज्ञात तारीख. मृत्यूचा दिवस बहुधा ठाऊकच नाहीं. म्हणून पूर्वेकडील छावण्यांची आगगाडी ज्या दिवशीं सुटली, तोच दिवस अनेकांच्या नांवापुढें दिसतो. आईबाप व लेंकरें यांच्यापुढें एकच तारीख वाचली, म्हणजे आंकड्यानें न उमगलेली गोष्ट उमगूं लागते.

मंदिराला लागूनच जुनें दफनस्थान आहे. जागा अपुरी पडल्यानें तेथें मातीचे थरावर थर घालून प्रेतें पुरलीं गेलीं, व सुमारें १२,००० शिळा एकमेकींना टेकून उभ्या राहिल्या. १४३९ सालीं वारलेल्या माणसाची शिळा तेथें आहे. १९४३ सालीं छावणींत मारल्या गेलेल्याला मात्र थडगेंच लाभलें नाहीं. त्याच्यासाठीं या भिंती आहेत.

पण हीं अक्षरेंहि एकदां नष्ट झालीं. व्हात्स्लाव्ह बोश्तिक व यिर्झी योन या चित्रकारांनीं १९५४ ते १९५९ या काळांत तीं लिहिलीं. भूगर्भांतील पाणी भिंतींत चढूं लागल्यामुळें १९६८ सालीं मंदिर बंद करावें लागलें, आणि दुरुस्ती वीस वर्षांहून अधिक रेंगाळली. १९८९ च्या सत्तांतरानंतर काम मार्गीं लागलें व १९९२ ते १९९६ मध्यें सारीं नांवें पुन्हां लिहिण्यांत आलीं.

वरच्या मजल्यावर तेरेझिनच्या छावणींतील मुलांचीं चित्रें आहेत. फ्रीडल डिकर-ब्रांडाइस ही चित्रकर्ती त्यांना शिकवीत असे. प्रत्येकानें आपल्या चित्रावर नांव घालावें, असा तिचा आग्रह असे. १९४४ सालीं ऑश्विट्झला पाठविली जाण्यापूर्वीं तिनें सुमारें ४,५०० चित्रें दोन पेट्यांत भरून मागें ठेविलीं. ती परतली नाहीं. बहुतेक मुलेंहि परतलीं नाहींत. चित्रांत फुलपांखरें आहेत, घरें आहेत, आणि छावणींतील खाटाहि आहेत.

मंदिरांत पुरुषांनीं मस्तक झांकावें, अशी रीत आहे. घाईनें फिरण्यापेक्षां पाहुण्यानें एखादें गांव निवडावें, आणि त्यांतील एका कुटुंबाचीं नांवें सावकाश, शेवटपर्यंत वाचावीं.